तनूच्या कांजिण्या

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालंय. यशवंतअण्णा पंख्याखाली चटईवर कलंडतात. शेजारी त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली पाच वर्षांची तनू गाढ झोपलीय. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेत, म्हणजे घरात कांजिण्या आहेत, कुणी येऊ नये. खरं तर पोरीच्या अंगावर साधं घामोळंही नाही. तिची बार्शीची मावशी सापडली आणि ती तिला कायमची न्यायला येणार म्हटल्यावर अण्णांनी फोनवर ठोकून दिलं, "तनूला कांजिण्या आल्यात." शेजाऱ्यांनाही खरं वाटावं म्हणून डहाळे लटकवले. थाप मारायची तर अशी साग्रसंगीत!

डोळा लागतो न लागतो तोच शालन आत येते. अण्णांची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं, पण चेहरा टवटवीत आहे. आजारपणात गेलेले केसही परत आलेत.

"कुठायत फोड?" ती तनूकडे वाकून विचारते.

"यायचेत अजून."

"अहो, मेलेल्या माणसाशी तरी खरं बोला!"

अण्णांना हसू फुटतं. उठून बसतात तर खाली चटई नाही, दवाखान्यातली लोखंडी खाट आहे. शालन तिच्यावर पाय हलवत बसलीय.

"पोर सांभाळायला दिली तेव्हाच सांगितलं होतं ना, तिचं नात्याचं माणूस सापडेपर्यंतच म्हणून?"

"सांगितलं होतं."

"हिला आता घरी न्या, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. नेलंत? माझा हात असा आवळून बसायचात की सलाईन तुंबायचं. नर्स वैतागायची."

"तरी गेलीसच की," अण्णा म्हणतात.

"गेले. तुम्ही चहाला गेलात तेव्हा. तुमच्यादेखत जमेना."

खाट गचका देऊन निघते. आता ती एसटीतली सीट आहे, खिडकीबाहेर ज्वारी पळतेय आणि दोघांच्या मध्ये तनू बसलीय. शालन एक लाल रिबीन अण्णांच्या हातात देते.

"एक वेणी तुम्ही घाला, एक मी."

अण्णा पेड आवळतात.

"अहो, ओढू नका! डोळे कपाळात गेले पोरीचे."

"सुटली तर?"

"सुटली तर मावशी घालेल."

घंटी वाजते. शालन उठते. अण्णाही उठू लागतात.

"बसा हो. तुमचं गाव यायचंय अजून," ती हसत म्हणते आणि उतरून जाते.

पंखा फिरतोय. तनू चटईवर उठून बसलीय. झोपताना तिचे केस मोकळे होते. आता दोन वेण्या आहेत, दोन्हींना लाल रिबिनी.

"अण्णा, ही दुखतीय," ती डावी वेणी धरून म्हणते. मग उजवीला हात लावते. "ही नाही दुखत."

अण्णा डावी वेणी सोडतात आणि हलक्या हातानं पुन्हा घालतात. ती जरा वाकडी होते. मग फोन उचलतात.

"मावशी, यशवंत बोलतोय. पोरगी ठणठणीत आहे. कांजिण्या नव्हत्याच, मीच खोटं बोललो. उद्या या." ते थांबतात, नाक पुसतात. "आणि एक सांगतो, वेणी जरा सैल घाला. ओढलं की दुखतं तिला."