‘बॅक दाबू नका’ म्हणणारा मीच

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

खालापूरजवळच्या एका बचत गटाच्या बायका फार्महाऊसना तांदळाच्या भाकऱ्या पुरवतात. ऑर्डरी बघायला वेबसाइट मीच बनवून दिली. पण एक ऑर्डर बघून बॅक दाबलं, की बाई थेट लॉगिनवर! "अहो, बॅक दाबूच नका ना!" असं मी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खेकसलो होतो.

आज तिथं गेलो. गटातल्या शकूकाकूंचे हात पिठात. दर ऑर्डरीला हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा ओटीपी टाकायचा.

लॅपटॉप उघडला. नवं पान उघडताना आधीच्या पानाची नोंद माझा कोडच पुसत होता. मग बॅक जाणार कुठं? एका ओळीचं काम निघालं.

काकूंनी भीतभीत बॅक दाबलं. यादी आली.

"आता जातंय की रं! म्हंजे आमचंच कायतरी चुकत व्हतं, नाय?"

"नेटवर्क असेल, काकू," मी म्हणालो.

वर त्यांनी दिलेली गरम भाकरीही खाल्ली.

आता भिसेगावात घरी बसलोय. ग्रुपवर ‘चूक माझी होती’ एवढं टाइप केलंय, पण पाठवायला बोट धजत नाही. तुम्हाला मात्र सगळं बिनधास्त सांगून मोकळा झालो. असं का होतं हो?