उमेदवाराच्या वेबसाईटवर माझा आवाज

शिरवळच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. घरात आम्ही आमची दखनी उर्दू बोलतो, दुकानात मात्र दिवसभर मराठी, तीही बायकांची, 'लय' आणि 'न्हाई'ची. बांगड्या भरताना बाई हात आखडून धरते. तो सैल पडायचा तर तिला बोलण्यात गुंतवावं लागतं, म्हणून माझं तोंड सतत चालू असतं.

गेल्या आमदारकीच्या निवडणुकीत एक सांगलीची मुलगी बहिणीच्या लग्नासाठी हिरव्या बांगड्या भरायला आली. एका उमेदवाराची वेबसाईट सांभाळायला ती महिनाभर शिरवळात राहत होती. बांगड्या भरून झाल्या तरी उठेना.

"भाभी, आमच्या वेबसाईटवर लिहिलंय पुष्कळ, पण वाचत कुणी नाही," ती म्हणाली. "लोक उघडतात, फोटो बघतात आणि बंद करतात. मी तिथं 'ऐका' असं बटण टाकते. तुम्ही बोलाल?"

"फोटो लावणार का माझा?"

"नाही. नुसता आवाज."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पक्का दुसऱ्या पक्षाचा, स्कूटरवर त्यांचं चिन्ह चिकटवलेला. त्यानं काचेच्या बांगड्यांचा डबा झाकला आणि म्हणाला, "आवाज तुझा हाय. मत माझं माझ्यापाशी." एवढीच काय ती परवानगी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार ओसरल्यावर, तिनं मोबाईल काउंटरवर ठेवला आणि कागद दिला. 'महिलांच्या सुरक्षित सार्वजनिक वाहतुकीस प्राधान्य देण्यात येईल.' मी ते वाचलं. बसस्टँडवर गाडी लागल्याची घोषणा व्हावी तसं ते ऐकू आलं. आम्हा दोघींना हसू आवरेना.

"याचा अर्थ काय गं?" मी विचारलं.

"इथल्या कंपन्यांतली संध्याकाळची पाळी सुटली की बायकांना गावी जायला एसटी नसते ना, ती सुरू करायची, असा."

"मग तसंच सांगू की." मी तिचा हात ओढून घेतला, बांगड्या भरायला लागले आणि बोलले, "आवं ताई, सांजची पाळी सुटली की तुमी रस्त्याला हुब्या ऱ्हाता. जीप येती ती भरून येती. घरी पोरं वाट बघत्यात. ही गाडी सुरू झाली पायजे का न्हाई? मग ह्यो माणूस म्हणतोय, मी करतो."

रेकॉर्डिंगमध्ये बांगड्यांची किणकिण आली होती. ती काढून टाकायची का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "तेवढ्यासाठी तर लोक ऐकतील."

आणि ऐकलं हो लोकांनी. लिंक व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरली. भाजीवाली तराजू हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तुमी त्या मोबाईलातल्या भाभी न्हवं?" आमच्या तालुक्याच्या खंडाळ्याहून नणंदेचा फोन आला. पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या मळ्यात बायका कामाला बसल्या की मोबाईल मध्ये ठेवून ऐकतात, असं तिथून आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. माझे पाय जमिनीवर नव्हते. सांगलीची मुलगी रोज धावत यायची आणि आज किती गावांतून ऐकलं ते सांगायची. दुसऱ्या पक्षानंही दखल घेतली. त्यांनी आपल्या वेबसाईटवर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत टाकलं, 'गोड आवाज नको, काम बघा.' नवऱ्यानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "गोड म्हणत्यात तुला. मला कवा सुचलं न्हाई."

निकाल लागला. आमचा उमेदवार पडला, नवऱ्याच्या पक्षाचा निवडून आला. मुलगी सांगलीला परत गेली, वेबसाईटवर नवीन काही येईना. मला वाटलं, संपलं.

पण आठवड्याभरात कंपनीत काम करणारी एक बाई तिघी-चौघींना घेऊन दुकानात आली.

"भाभी, गाडी कवा सुरू हुणार?"

"अगं, तो पडला की."

"तो पडला. तुमी कुठं पडलाय? आमी तुमचं ऐकलं हुतं."

मी पदर सारखा केला, नवऱ्याला दुकान बघायला सांगितलं आणि त्यांच्याबरोबर निवडून आलेल्या आमदारांच्या कार्यालयात गेले. त्यांच्याविरुद्ध बोललेली बाई मी.

आम्ही बसलो. मी नुसतं "आवं साहेब, सांजच्या गाडीचं" एवढं म्हणाले आणि ते ताठ बसले.

"थांबा. बांगड्यांचा आवाज यायचा, त्या बाई तुमीच का?"

"व्हय."

"प्रचारात रोज ऐकलंय तुमाला. मला पाडायला निघाल्या हुता तुमी." मग ते हसले. "ही गाडी आमच्याबी वेबसाईटवर हुती, वहिनी. चौथ्या पानावर. वाचली न्हाई कुणी."

"मग आता आमीच सगळ्यांना सांगतो की, तुमी दोघांनी कबूल केलंय म्हणून," कंपनीतली बाई म्हणाली.

त्यांनी आमच्यासमोरच एसटीच्या आगारात फोन लावला. नंतर दोनदा मलाच आठवण करून द्यावी लागली, एकदा बायकांना घेऊन आगारातही जावं लागलं. पण गाडी आली. पहिल्या संध्याकाळी मी दुकान लवकर नवऱ्यावर सोपवलं आणि थांब्यावर गेले. पाळी सुटून बायका डबे हलवत आल्या, एकमेकींना ढकलत चढल्या. मला कुठंच जायचं नव्हतं. तरी मी चढले, कंडक्टरकडून खंडाळ्याचं तिकीट घेतलं आणि खिडकीपाशी बसले. गाडी हलली तशी मागून कुणीतरी म्हणालं, "भाभी, बोला की कायतरी." मी हात वर केला आणि नुसत्या बांगड्या वाजवल्या.