तिसऱ्या ओळीतला सा

पितळेला रक्ताचा वास येतो की रक्ताला पितळेचा, हे लहानपणी मला ठरवता येत नसे. परसातल्या दगडावर बसून मी चिंचेच्या कोळाने आणि चुलीतल्या राखेने वडिलांच्या बँडची वाद्ये घासत असे. चिंच लागली की काळवंडलेले पितळ आधी लाल होई, मग त्यातून आंबूस, खारट असा धातूचा वास उठे आणि जिभेच्या मुळाशी जाऊन बसे. पोशीरच्या एका हळदीहून परतताना टेंपोत धाकट्या भावाचा फुटलेला ओठ मी फ्रॉकच्या घेराने दाबून धरला होता. तेव्हाही हाच वास आला. त्यानंतर माझ्यासाठी हे दोन वास वेगळे राहिले नाहीत.

त्या हळदीत त्याचा एक सूर चुकला होता. वडील काठी शोधत बसले नाहीत. तो वाजवत असतानाच त्याच्या ट्रंपेटच्या कर्ण्यावर त्यांनी समोरून तळहात मारला. माउथपीस ओठ चिरडून दातांवर आदळला. पिशव्या सांभाळायला म्हणून मला बरोबर नेलेले असे. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते, आणि तो कचकन झालेला आवाज मला ढोलाच्या गजरातही ऐकू आला. बायका नाचत राहिल्या. त्यालाही थांबायची मुभा नव्हती. वरचे सूर निघेनात, म्हणून तो लाळ आणि रक्त गिळत खालच्या सप्तकात उरलेले गाणे वाजवत राहिला.

आमचे गाव खालापूर तालुक्यात, लोधिवलीच्या अलीकडे. वडिलांचा बँड लग्नसराईत हळदी-वराती वाजवी आणि रविवारी, सणावारी कर्जतच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये ख्रिस्ती गीते. वरात असो वा उपासना, वाजवण्याची रीत एकच होती: सगळ्यांनी एकच चाल, एकाच वेळी, छाती फुटेस्तोवर. जो वेगळा ऐकू आला तो चुकला. वडील मारताना शिव्या देत नसत. फक्त "चूक" म्हणत, आणि तो शब्द पुरता होण्याआधी साइड ड्रमची काठी बोटांच्या पेरांवर, मानेवर, कानामागे बसलेली असे. आमचा थोरला भाऊ, दादा, या काठीखाली वाढला. हात जरा बळकट झाल्यावर धाकट्याला शिकवायचे काम त्याच्याकडे आले, आणि काठीही त्याच्याकडे आली. वडिलांना निदान मोजून मारता येई. दादा वाहून जात असे. एकदा त्याने धाकट्याला बँडच्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर इतके आपटले की पेटीला खोक पडली. वडील दारात उभे राहून पाहत होते. शेवटी म्हणाले, "पेटी फोडशील, रं."

मला कधीच कोणी मारले नाही. मुलीच्या हाती वाद्य द्यायचे नाही, असा घरचा नेम होता. ज्याला वाजवायचे नाही त्याची चूक होणार तरी कशी? मी फक्त घासत असे. कोणता पोचा कुठल्या दिवशी पडला, हे माझ्या बोटांना पाठ होते.

पुढे वसतिगृहाच्या शाळेत माझी गाठ चौपदरी गायनाशी पडली. तिथे हार्मोनियमवर एकच गीत चार आवाजांत उलगडताना मी पहिल्यांदा ऐकले आणि मला अक्षरशः घाम फुटला. चार जण चार वेगळ्या वाटांनी चालले होते आणि कोणीच कोणाला मारत नव्हते. मी ते लिहिणे शिकले. नंतर कवितेचा अभ्यास केला, छंद शिकले, कर्जतला शिकवू लागले. पण कानात राहिले ते हेच, की वेगळा असणे म्हणजे चुकणे नव्हे.

वडील गेले. हळदींना डीजे आले आणि बँड मोडला. दादा खोपोलीच्या कारखान्यात लागला, धाकटा टेंपो चालवू लागला. त्याने ट्रंपेट पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आणि तिचे नाव काढले की तो उठून बाहेर जाई. यंदा पाळकसाहेबांनी मला विचारले, की ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना असते, तिथे पूर्वीसारखे पितळी वाद्यांवर गीत होईल का? मी हो म्हणाले. दोन ट्रंपेट आणि एक युफोनियम एवढ्यासाठी मी मांडणी लिहायला घेतली. युफोनियम, म्हणजे खालचे सूर धरणारे मोठे पितळी वाद्य, आमच्या चुलत्यांचे. बँडमधल्या वडिलांच्या वयाच्या माणसांत ते एकटेच उरले होते.

धाकट्याला मी टेंपोत गाठले.

"नाय गं ताई," तो काचेकडे पाहत म्हणाला. "दादासंगं नाय वाजवायचो मी."

"तुला दादासारखं वाजवायचंच नाही. तुझा आवाज मी वेगळा लिहिणार आहे. कागदावर वेगळा. मग तू चुकलास असं कुणाला म्हणताच येणार नाही."

तो स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिला. मग म्हणाला, "एक तरी जागा अशी लिव, जिथं मी एकटाच असंन. मी ती धरतो. बघू, धरवतीय का."

ती जागा मी तिसऱ्या ओळीत लिहिली. तिघांनाही सरगमच वाचता येते, म्हणून सरगमीत लिहिली. गीत पुनरुत्थानाचे आहे. तिसऱ्या ओळीत कबरेवरच्या धोंडीचा उल्लेख येतो. चाल गंधारावरून ऋषभावर उतरते, युफोनियम पंचमावर येते, आणि धाकट्याने मात्र मागचा षड्ज सोडायचा नाही. चाल पुढे गेली तरी त्याने तिथेच उभे राहायचे. सा आणि रे एकमेकांवर घासतात, कानाला टोचतात. आणि मग तो सावकाश निषादावर उतरतो आणि टोचणी विरून जाते. कवितेत यती भलत्याच जागी पडला की जसा श्वास अडतो, तसा इथे अडावा अशी माझी इच्छा होती. धोंड अशीच सरकते, दगडावर दगड घासून.

सराव जुन्या बँडच्या खोलीत सुरू झाला. वर पत्रा, मागे डोंगरातली खाण. दुपारी सुरुंगाचा भोंगा झाला की आम्ही थांबायचो. स्फोट झाला की पत्र्यावरची धूळ वाद्यांवर पडायची. काठी होती तिथेच, खुंटीवर होती. दादाने ती सहज हातात घेतली, ताल द्यायला म्हणून.

पहिल्या दिवशी तिसरी ओळ आली. धाकट्याने सा धरला. दादाने ट्रंपेट खाली घेतली.

"चूक." काठी धाकट्याच्या मानेवर बसली.

"दादा, अरे, बरोबर वाजवतोय तो! मी तसंच लिहिलंय."

"तू लिवलंस म्हून बेसूर सुरात येतो काय गं?"

चुलते मध्ये पडले. "आरं, ऐक की तिचं. शिकलेली पोरगी हाय. आपण काय, गाढवाच्या वरातीत वाजवलेली माणसं."

दादा हसला. मलाही वाटले, की निभावले. पुन्हा सुरुवात झाली. पण आता धाकट्याचे शरीर त्या जागेच्या आधीच आखडू लागले. खांदे कानांशी यायचे, मान आत जायची, डोळे मिटायचे. सा निघायचा तो थरथरत, आणि दादाच्या रे ला घाबरून लगेच वर सरकून त्याच्यात मिसळायचा. तो एकसुरात पळून जायचा, तिथे मार नव्हता. मी म्हणायची, "धर." तो धरायचा. दादा त्या टोचणीवर हटकून थांबायचा, आणि काठी उठायची. दादाला मी वेगळे बसवून सांगितले, हार्मोनियमवर वाजवून दाखवले. त्याने मान डोलावली. त्याला समजले होते. त्याच्या हाताला समजले नव्हते. "मी मारत नाय गं," तो मला एकदा कळवळून म्हणाला, "ते आपसूक व्हतंय."

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या आठवड्यात ते घडले. धाकट्याची पेरे काळीनिळी झाली होती, ट्रंपेटच्या कळा दाबल्या जात नव्हत्या. दादा वैतागला.

"सोड ते. मी वाजवतो ते ऐक, आन् माज्या मागनं ये. बापानं शिकवलं तसं."

त्याने ट्रंपेट ओठांना लावली आणि एकट्याने चाल सुरू केली. सुंदर वाजवत होता. डोळे मिटले होते. तिसरी ओळ आली तेव्हा धाकटा उठला, त्याच्यासमोर गेला, आणि त्याने कर्ण्यावर तळहात मारला.

तोच आवाज. पोशीरच्या मांडवातला.

दादा पेटीवर कोसळला. तोंडातून रक्त ओघळून सदऱ्यावर आले. तो हाताच्या ओंजळीत थुंकला आणि पाहू लागला. तिथे दात होते. धाकट्याने स्वतःची ट्रंपेट उचलून भिंतीवर घातली, पुन्हा घातली, मग दादाच्या छातीवर बसला आणि मुठीने त्याच्या त्या तोंडावर मारत राहिला. मी त्याचे केस ओढले, चुलत्यांनी कंबर धरली. तो किंचाळत होता, "म्हन! म्हन ना चूक! म्हन!" दादाला म्हणता येत नव्हते. ओठ राहिलेच नव्हते म्हणायला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा दादाने माझ्याकडून पेन मागून घेतले आणि लिहिले, की टेंपोतून उतरताना पडलो. टाके घालताना तो हूं की चूं करत नव्हता. मार खाण्याची त्याला लहानपणापासून सवय होती. चुलते त्याच्या उशाशी बसून म्हणाले, "दाताचं काय घिऊन बसला? माजे तर खिशात असतात. वाजवायच्या वक्ताला लावायचे." त्यांनी खरेच खिशातून कवळी काढून दाखवली. दादाचे डोळे हसले आणि टाक्यांतून पुन्हा रक्त आले.

चाल वाजवणारा आता कोणी नव्हता. मंडळी चाल गातील, मी ठरवले. धाकट्याने दुसरा आवाज वाजवावा, चुलत्यांनी तळ धरावा. दादा वाजवणार नाही, म्हणजे त्या जागी आता मारणाराही नाही. धाकटा आला. दादाची ट्रंपेट त्याने स्वतःच चिंचेने धुतली, कारण त्याची स्वतःची मोडली होती.

वहिनी सैपाकघरातून भांडी आपटत होत्या. "वाजवा, वाजवा! हितं माणूस नळीनं पेज पितोय, आन् तिथं पुनरुत्थान चाललंय."

ईस्टरच्या पहाटे ते गीत आम्ही वाजवले. दफनभूमीत दव पडले होते, मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, आणि वडिलांच्या कबरेपासून हाताच्या अंतरावर धाकटा उभा होता. तिसऱ्या ओळीत कुठेच काही घासले नाही, टोचले नाही. धोंड तेल लावल्यासारखी सरकली. उपासनेनंतर पुष्कळ जणांनी आम्हाला सांगितले, अगदी जुन्यासारखे झाले, तुमच्या वडिलांच्या वेळेसारखे. झाले होते खरेच. त्या जागेचा सा मी आदल्या दिवशी खोडला होता आणि धाकट्याला सबंध गीतभर चालच दिली होती.

ती का दिली, ते शेवटच्या सरावाशी जोडलेले आहे.

त्या दुपारी मी चाल गात होते आणि पत्र्याच्या पेटीवर ताल देत होते. हाताशी होती ती काठी घेतली. तळहातांच्या तेलाने ती इतकी गुळगुळीत झाली होती, की तिचा स्पर्श लाकडासारखा वाटत नव्हता. दादा उंबऱ्यात बसला होता, तोंडावर पट्टी, हात मांडीवर. त्याने काहीही केले नाही. फक्त तिसरी ओळ जवळ आली की त्याची उजव्या हाताची बोटे मांडीवर आपोआप मिटत. धाकट्याला ती दिसत होती. त्याने सा धरला, आणि सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. खाणीचा भोंगा झाला, आम्ही थांबलो, स्फोट झाला, धूळ पडली. चुलत्यांनी पंचम धरला, मी रे वर आले, धाकट्याचा सा निघाला, कापत कापत टिकला, माझ्या आवाजावर घासला, आता उतरणार, आता निषाद येणार, असे वाटले, आणि तो फुटला. धाकटा घामाने निथळत होता.

"कोणी मारणार नाहीये रे," मी म्हणाले. "धर नुसता."

"तेच," तो म्हणाला. "तेच तर धरवत नाय. यील, यील म्हून वाट बघतो, आन् ते येतच नाय. आलं की सुटंन सगळं. मग धरतो मी."

त्याने दादाची ट्रंपेट पेटीवर ठेवली. सदरा काढला. माझ्याकडे पाठ करून तो खाली बसला आणि मान पुढे झुकवली. मानेवर दादाच्या काठीचे पिवळे पडत चाललेले वळ होते. काठी माझ्या हातात होती. उंबऱ्यातून दादा पाहत होता. चुलत्यांनी युफोनियम मांडीवरून खाली ठेवले नाही. मान तशीच ठेवून, मागे न बघता, धाकटा मला म्हणाला,

"मार."