सीटखालचा डबा

गाडी कुठे गेली, कुठे थांबली ते मालकाच्या फोनवर दाखवणारं यंत्र बसवणं हा त्याचा धंदा. बाजारात सगळे त्याला वायरमामा म्हणत. अजून कुणाचा मामा झाला नव्हता ही गोष्ट वेगळी. काडेपेटीएवढा डबा तो असा लपवायचा की गाडी बनवणाऱ्यालाही हुडकता येऊ नये. वर गिऱ्हाइकाला कायदाही पढवलेल्या पोपटासारखा ऐकवायचा, "गाडी कुणाच्याही नावावर असू दे, रोज चालवतो त्याला सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

मग एका सकाळी मेहुणे त्याच्या बहिणीची स्कूटर घेऊन आले. "चोऱ्या वाढल्यात. पण तिला बोलू नका, उगाच धसका घेईल."

चोरापासून लपवायचं ते बायकोपासून कशाला, हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण घरच्या माणसापुढे कायदा कसा काढायचा? त्यात मेहुणे म्हणाले, "तुमच्यासारखा हात गावात कुणाचा नाही." गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि डबा बसवून मोकळा झाला.

पुढे बऱ्याच दिवसांनी तो वडिलांकडे गेला. वडील एकटेच राहत. जावयाशी त्यांचं वाजल्यापासून बहिणीला माहेर बंद होतं.

"ताई येईनाशी झाली रे," वडील म्हणाले.

"येत होती?"

"दुपारची, चोरून. नखं कापून द्यायची, मला वाकता येत नाही ना. माझं काही चुकलं का? तुला काही बोलली?"

वडिलांच्या पायांची नखं वाढून वाकडी झाली होती. त्याला स्कूटरच्या सीटखालचा डबा आठवला.

तो तडक बहिणीच्या शिलाईच्या दुकानात गेला आणि उभ्याउभ्याच सगळं ओकला. तिची कात्री कापडातच थांबली.

"मला वाटलं, शेजारणीने ह्यांच्याकडे चुगली केली," ती म्हणाली. "तिच्याशी बोलणं टाकलं मी. आणि चुगलखोर निघाला माझाच भाऊ."

"आत्ता काढून टाकतो, ताई."

"शहाणाच आहेस. काढलास की ह्यांना कळेल. राहू दे. स्कूटर इथेच उभी राहील. मला तुझ्या गाडीवर ने."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतोस?"

दोघांना दारात पाहून वडिलांचा चेहरा उजळला. "भाऊ असावा तर असा," ते म्हणाले. "बरोबर घेऊन आला बघ."

बहीण नेलकटर घेऊन त्यांच्या पायाशी बसली. मान वर न करता म्हणाली, "सांग त्यांना."

त्याने सांगितलं. चोऱ्यांचं निमित्त, मेहुण्यांची स्तुती, सगळं. स्वतःच्याच कानांना ते पोरकट वाटत होतं. वडिलांनी पाय मागे घेतला.

"हलू नका बाबा, लागेल."

वडिलांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग बहिणीला म्हणाले, "त्याला विचार, चहा घेणार का."

तो त्यांच्या समोरच बसला होता.