दोन सूत

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर कोंबडीच्या पायासारखं येईल. हे कोणाच्या हाती लागलं तर सांभाळून घ्यावं. मला कापड सरळ कापता येतं, ओळ सरळ लिहिता येत नाही.

शबानाने शिवलेले गोधडीचे सहा ब्लॉक मी सतरंजीवर ओळीने मांडले. खाली माझे सहा मांडले. तिची ओळ माझ्या ओळीच्या साडेचार इंच पुढे गेली. पुन्हा मांडले, हात फिरवून सपाट केले. तरी साडेचार इंच.

तेव्हा आम्ही भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. महिला मंडळाला गेस्ट हाउससाठी तुकड्यांच्या चार गोधड्यांची ऑर्डर मिळाली होती. कापडासाठी आणि शिलाई मशीनसाठी मंडळाने मला पैसे उसने दिले होते. गोधड्या गेल्या की बिलातून वळते करायचे ठरलं होतं. ऑर्डर परत आली असती तर ते पैसे ह्यांच्या पगारातून भरावे लागले असते, आणि मशीन विकावं लागलं असतं. मशीन एकच, म्हणून शेजारच्या क्वार्टरमधली शबाना तिच्या वाटचं काम हाताने करायची.

नेमक्या त्याच वेळी मंडळाच्या सेक्रेटरी कुलकर्णी मॅडम बघायला आल्या.

“सुमनताई, हे काय? एक ओळ झबलं आणि एक ओळ शेरवानी!”

मला चार माणसांत बोलायला जमत नाही.

“जास्तीचं कडेने कापून टाका ना. सोमवारी डिलिव्हरी आहे.”

“कापायचं नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

एक ब्लॉक म्हणजे नऊ चौकोन, तीन आडवे, तीन उभे. कड कापली की बाहेरचे चौकोन लहान होतात, मधला मोठाच राहतो. मग शेजारच्या ब्लॉकची शिवण ह्याच्या शिवणीला मिळत नाही. सगळी गोधडी तिरळी दिसते. हे सगळं मी मॅडमना सांगू शकले नाही. एवढंच म्हणाले, “आधी कुठे वाढलं ते बघते.”

“उद्या संध्याकाळी दाखवा. नाही जमलं तर मी गोविंदपुऱ्यातून तयार चादरी उचलीन. मग पैशांचं तुम्ही बघा.”

त्या गेल्यावर मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पहिल्यांदा साचा. पुठ्ठ्याचा साचा पेन्सिल फिरून फिरून झिजतो, म्हणून ह्यांनी मला पत्र्याचा करून दिला होता. तो बरोबर होता. कापड मी धुऊन, आटवून मगच कापलं होतं. शबानाकडचे न शिवलेले चौकोन साच्यावर ठेवले, तंतोतंत बसले. म्हणजे कापण्यात चूक नव्हती.

मग ब्लॉक उलटा केला.

चौकोन तयार चार इंचांचा हवा असेल तर साडेचारचा कापायचा. प्रत्येक कडेचा पाव इंच शिवणीत आत जातो. त्या सोडलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. शबानाच्या ब्लॉकला माया जवळजवळ नव्हतीच. टाके बारीक, एकसारखे, पण अगदी काठावरून गेलेले. शिवणीत जायचं कापड बाहेरच राहिलं, म्हणून एकेक ब्लॉक पाऊण इंच वाढला होता.

मी तिला हाक मारली. “शबाना, शिवण कितना छोड़के ली?”

“दो सूत, भाभी. आप ही ने तो बोला था.” तिने सुईच्या टोकाने कापडाचा काठ उचलून दाखवला. “ये एक, ये दो. गिन लो.”

खरंच दोन होते. दोन धागे.

हे कारखान्यात फिटर. लोखंडाच्या कामात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच. आमच्या घरात सगळं सुतात मोजलं जायचं. पोळी जाड झाली तर हे म्हणायचे, “आज एक सूत जास्त आहे.” शबानाचं माहेर चंदेरीचं, घरात हातमाग. तिच्या घरी सूत म्हणजे धागा, दुसरं काही नाहीच.

“लोहे का भी सूत होता है?” तिने विचारलं.

हे चहा पीत होते. म्हणाले, “होता है. बस, उसकी साड़ी नहीं बनती.”

“मैं भी सोचूँ, भाभी इतनी कंजूस कब से हो गईं!” ती हसायला लागली. मग तिचं लक्ष ब्लॉकच्या ढिगाकडे गेलं आणि हसू थांबलं. “अब सब उधेड़ना पड़ेगा?”

मी एक ब्लॉक हातात धरून बघत राहिले. उसवायची गरज नव्हती. ब्लॉक शिवणीवर दुमडायचा आणि काठापासून पाव इंच आतून दुसरी टीप मारायची. तिची शिवण आतल्या बाजूला राहील, उलट जोड पक्का होईल. मशीनच्या पाट्यावर सुईपासून पाव इंचावर मी चिकटपट्टी लावली. कापडाचा काठ पट्टीला लागून चालला की मोजायला नको. मी टीप मारत गेले, शबाना इस्त्री करत गेली. इस्त्री घासू नको, नुसती दाबून उचल, असं तिला सांगितलं, कारण घासली की कापड ताणतं. ह्या वेळी तोंडाने सांगून थांबले नाही, हात धरून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम टेप घेऊनच आल्या. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या. जिथे चार कोपरे मिळतात तिथे टाचणी टोचली आणि उलटून बघितलं. टाचणी खालीही कोपऱ्यातूनच निघाली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता भरायला घ्या.”

सोमवारी गोधड्या गेल्या.

माया कमी घेतली असेल तर वाढवता येते. कापड कमी कापलं तर काही करता येत नाही. आणि सूत, बोट, वीत हे शब्द ज्याच्या त्याच्या घरचे असतात, म्हणून माप पट्टीवर दाखवावं.

त्या बिलातून सगळे पैसे फिटले नाहीत. पुढे चार इमली नावाच्या वस्तीतल्या एका बंगल्याचं काम मिळालं, त्यातून उरलेले भरले. मॅडमनी नोटा मोजून पेटीत ठेवल्या.

“सुमनताई, हिशेब चोख. आता दोन सूतसुद्धा बाकी नाही.”

शबाना माझ्या मागे उभी होती. “कौन-सा सूत, मैडम? लोहे वाला या धागे वाला?”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

“दोन्ही,” मी म्हणाले.