दुपारनंतरचा पाय

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, आणि शाळा खाली रस्त्याला. सकाळी ती उतरण मी पळत उतरायचे, पाड्यातल्या सगळ्या पोरींच्या पुढे. दुपारची खिचडी खाऊन झाली की माझा डावा पाय आत वळायला लागायचा. आधी बोटं मुडपायची, मग टाच उचलली जायची, आणि शाळा सुटेपर्यंत मी पावलाच्या कडेवर चालत असायचे. घरी जाताना चढण. कधी मैत्रिणीचा खांदा धरून, कधी चक्क बसत बसत मी ती चढायचे. झोपून सकाळी उठले की पाय ठणठणीत.

हे सुरू झालं तेव्हा मी चौथीत होते. पायापेक्षा जास्त टोचायचं ते लोकांचं बोलणं. भातलावणीच्या दिवसांत शेजारची काकू आईला ऐकू जाईल अशी म्हणायची, "सकाळी हरणासारखी पळते नि दुपारी काम आलं का लंगडी! नाटकी हाय गो तुझी पोर."

एकदा आई चिखलातून तशीच बाहेर आली आणि बांधावरची माझी चप्पल उचलून तिने काकूच्या तोंडासमोर धरली. डाव्या पायाची ती चप्पल बाहेरच्या कडेने पार झिजून गेली होती, आतली बाजू नवीच. "नाटक करणारी पोर चप्पल अशी झिजवंल का? बघ नीट!"

काकू परत लावणीला वाकली, पण पटलं कोणालाच नाही. भगताने सांगितलं, दुपारची सावली बाधली. नारळ ओवाळून झाले, कोंबडं झालं. आईने मग दवाखाने धरले. पहाटेची पहिली एसटी पकडून आम्ही शहापूरला जायचो. वाटभर मी तिच्या मांडीवर गाढ झोपलेली. डॉक्टर म्हणायचे, "चालून दाखव बाळ," आणि मी सरळ चालून दाखवायचे. एकाने ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने विचारलं, "शाळेत जायला आवडत नाही का गं?" परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसायची, आणि उतरल्यावर मला पाठुंगळी घेऊन चढण चढायची.

मी आठवीत गेले त्या वर्षी कळलं की मेंदूचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा शहापूरला येतात. आम्ही निघालो, आणि नेमकी त्या दिवशी एसटी वाटेत बंद पडली. रस्त्याकडेला उन्हात उभं राहून, दुसऱ्या गाडीत दाटीवाटीने उभं राहून आम्ही पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. डॉक्टर निघायच्या तयारीत होते. दवाखान्याच्या फाटकापासून मी आईच्या खांद्याला लोंबकळत, पाय फरफटत येत होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि हातातली बॅग खाली ठेवली.

"सकाळी कशी चालतेस?" त्यांनी मला विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सकाळी पळते."

"आणि दुपारी झोपलीस तर?"

"उठल्यावर बरा असतो. थोडा वेळ."

त्यांनी तपासायच्या बाकाकडे बोट दाखवलं. "झोप."

"आता? हितं?" आई म्हणाली.

"आत्ता, इथेच. मी थांबतो."

दमलेली होतेच, आडवी झाले तशी झोपलेच. उठले तेव्हा डॉक्टर खुर्चीत चहा पीत बसले होते. "आता फाटकापर्यंत जाऊन ये." मी गेले आणि आले. टाच टेकत होती. डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "बाई, तुमच्या मुलीला काय झालंय ते मला कळलंय बहुतेक!" बोलता बोलता ते हसत होते. माझ्या पायाकडे बघून आनंदाने हसलेलं ते पहिलं माणूस.

त्यांनी सांगितलं, मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं. अंग सरळ हलायला ते लागतं. म्हातारपणी काही जणांचे हात थरथरतात, त्यांच्या मेंदूतल्या हे द्रव्य बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. माझ्या पेशी शाबूत होत्या, माल तेवढा कमी बनत होता. झोपेत थोडा साठायचा, दुपारपर्यंत संपायचा. त्या म्हाताऱ्यांचीच गोळी ते मला अर्धी देणार होते. हेच द्रव्य माणसाला खुशीही देतं, दारूची चटक लागते त्यातही त्याचाच हात असतो, असंही ते बोलता बोलता म्हणाले.

आईने तेवढं बरोबर पकडलं. "मंग ह्या गोळीचं व्यसन नाय ना लागनार?"

"उपाशी माणसाला भाकरीचं व्यसन लागतं का? हिला रोज लागेल, कायमची लागेल. पण ती भाकरी आहे."

पहिल्या दिवशी गोळी उलटून पडली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून आईने धीर सोडला नाही. तीन-चार दिवसांनी मी झऱ्यावरून कळशी घेऊन येत होते. अर्ध्या चढणीवर लक्षात आलं, ऊन डोंगरामागे गेलंय आणि मी एकदाही थांबलेले नाही. खाली पाहिलं. पाचही बोटं सरळ, टाच मातीत घट्ट. कळशी तिथेच ठेवून मी ओरडत घरी पळाले.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने मला येताना पाहिलं. सूप हातात तसंच धरून म्हणाली, "परत पळ."

मी आंब्यापर्यंत पळून आले.

"परत."

सगळा पाडा बाहेर आला. अंधार पडेपर्यंत आई म्हणत होती आणि मी पळत होते. शेवटी तिला हसताही येईना आणि रडणंही थांबेना.

पुढच्या लावणीला मी काकूच्या शेजारी रांग धरली. सूर्य बुडत आला तरी माझे हात थांबेनात. तेव्हा काकूच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुरे गो बाय! आमाला तरी घरी जाऊ दे." आणि तिने माझ्या डोक्यावर चिखलाचा हात ठेवला.

बारावीनंतर मी वनरक्षकाच्या भरतीला उतरले. धावण्याची चाचणी सकाळची होती, पण गर्दीत माझी तुकडी लागेपर्यंत दुपार कलली. पोरी कुरकुरत होत्या, ऊन फार झालं म्हणून. मी मात्र आतून उसळत होते. या वेळेला कधी काळी मला उभंही राहता येत नव्हतं! शिट्टी वाजली आणि मी सुटले. पहिल्या चार जणींत आले. डॉक्टरांनी तब्येतीचा दाखला स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. निवड झाल्याचं फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आता कुठे पळशील?"

सिद्धगडच्या जंगलात पळते आहे. माझ्याबरोबर गस्तीला असणारी मुरबाडची मुलगी परवा सांगत होती, मोबाइल बघून बघून डोपामिन वाढतं, ते कमी करायला हवं, आठवडाभर फोन बंद ठेवणार आहे. मी म्हटलं, "तू कर बाई कमी. मला घालू नकोस त्यात." तिला माझी गोष्ट माहीत नव्हती. चालता चालता सगळी सांगितली. ती मध्येच थांबली आणि माझ्या बुटांकडे बघू लागली.

"मंग तुला पळायला एवढं आवडतं, ते त्या गोळीमुळे?"

गोळी पाय सरळ ठेवते, हे खरं. पण पळायला मला चौथीच्या आधीपासून आवडायचं, गोळीचं नावही ठाऊक नव्हतं तेव्हापासून.

"नाय," मी म्हटलं, "ते माझंच."

संध्याकाळ होत आली होती. वर गडाच्या माचीकडे वणव्यासारखा धूर दिसला, आणि आम्ही दोघी चढणीला लागलो. ती धापा टाकत मागे राहिली. मी पुढे.