सोयाबीनमधून गेलेला सायकलमार्ग

आमचा सायकल गट दरवर्षी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सहलीला निघतो, महामार्गाने सरळ जातो आणि सरळ परत येतो. रस्ता सपाट, मागून ट्रकचे हॉर्न, शेवटी ढाब्यावर तर्रीपोहे. मी यवतमाळच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि वयाने या गटात सर्वांत लहान आहे. दोन सहली झाल्यावर मला हा प्रकार असह्य झाला. डोंगरदऱ्यांनी आणि काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळांनी भरलेल्या जिल्ह्यात राहून आम्ही दुभाजकावरची कण्हेर पाहत सायकल चालवत होतो.

म्हणून मी नवा मार्ग आखला. पुसद डोंगरांच्या वाटीत वसले आहे. तिथवर सायकली टेम्पोने न्यायच्या, गावाबाहेरच्या लहान रस्त्याने घाट चढायचा, पलीकडच्या खोऱ्यात उतरायचे आणि तांडे-वस्त्यांमधून जात डोंगराच्या कुशीतल्या एका जुन्या देवळापाशी थांबायचे. उन्हाळ्यात मी तो मार्ग एकटीने दोनदा चालवला, प्रत्येक वळणाचा चढ मोजला आणि त्याचा आलेख गटासमोर ठेवला.

गटाची धुरा वर्षानुवर्षे बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे आहे. त्यांनी आलेख चष्म्याला टेकेल इतका जवळ नेला.

"हे काय, ईसीजी हाय का?" ते म्हणाले. "पोरी, या घाटात अर्धे लोक उतरून सायकल ढकलतीन. सहल हाय का शिक्षा?"

अखेर एक करार झाला. आधी आठ जणांनी हा मार्ग चालवून पाहायचा. कोणालाही टेम्पोत न बसवता सगळे दुपारच्या आत देवळापाशी पोचले, तर संपूर्ण गटाची सहल याच मार्गाने निघेल. एक जरी मागे राहिला, तर पुन्हा महामार्ग, आणि हा विषय कायमचा बंद. माझ्या दृष्टीने प्रश्न एका सहलीपुरता नव्हता. जिल्हाभर असे पाच मार्ग आखायचे माझ्या मनात होते. पहिलाच फसला असता, तर उरलेले चार संगणकातच राहिले असते.

चाचणीच्या रविवारी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, घाटाच्या पायथ्याशी मी एकच नियम सांगितला: ज्या वेगात बोलता येते, त्याच वेगात चढायचे. दम लागून बोलणे तुटले की गिअर हलका करायचा. यामागचे शास्त्र साधे आहे. माणूस घाटाच्या उंचीने थकत नाही, सुरुवातीच्या घाईने थकतो. काकांनी नियम इतक्या निष्ठेने पाळला की पायथ्यापासून माथ्यापर्यंत ते माझ्याविरुद्ध बोलत राहिले.

"या वयात लोक मुंबई-पुण्याले नोकरी शोधतात, अन् ही आम्हाले डोंगर दाखवून राह्यली."

"काका, श्वास कसा आहे?"

"श्वासाचं सोड. घाट संपते कधी ते सांग."

घाट संपला होता. बोलण्याच्या भरात त्यांच्या ते लक्षातच आले नव्हते. माथ्यावर पिवळसर पडत चाललेले सागवान होते, उतारावर सीताफळांची झुडपे डोळे उघडलेल्या, पिकत आलेल्या फळांनी वाकली होती आणि मागे, खूप खाली, पुसदच्या पत्र्यांवर ऊन चमकत होते. कोणी सायकलवरून उतरले नव्हते. मला तिथेच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मी पाण्याची बाटली उघडून स्वतःला आवरले.

मग उतार सुरू झाला. उताराचे सुख कोणत्याही सूत्रात मावत नाही. चढताना घामाने साठवलेली सगळी ऊर्जा रस्ता एकाएकी परत करू लागतो, कानांत वारा भरतो आणि डोंगर दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागतात. मी सर्वांत पुढे होते. शेवटच्या वळणाबाहेर आले, तर समोरचा रस्ता सोनेरी होता.

तो सोयाबीनने झाकला होता. खोऱ्यात एवढी गुळगुळीत, कोरडी आणि तापलेली दुसरी जागा नसल्यामुळे वस्तीतल्या सगळ्यांनी काढलेले दाणे डांबरावर वाळत घातले होते. कडेला दगडांची रांग होती. मोटारसायकलपुरती चिंचोळी वाट सोडलेली होती आणि तीही विखुरलेल्या दाण्यांनी भरलेली. मी मोजमाप केले तेव्हा हे पीक पेरलेसुद्धा नव्हते. गोल, कडक दाणे आणि आमची बारीक चाके यांचा मेळ काय होईल हे सांगायला पदवी लागत नाही. मी हात वर करून ओरडले, ब्रेक दाबले आणि दाण्यांच्या अलीकडे कशीबशी थांबले. मागचे सातही जण एकेक करून थांबले. काका शेवटी आले.

"झालं," ते म्हणाले. "बोलव टेम्पो."

पुढे रस्ता वस्ती संपेपर्यंत असाच दिसत होता. दुसरा रस्ता नव्हता. आमच्यातल्या एकाने सायकल खांद्यावर घेतली आणि दगडांच्या आत पाऊल टाकले.

"ओ भाऊ," सावलीत बसलेली एक वयस्क बाई उठून उभी राहिली. तिच्या हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या. "जोड्यानं दाण्यावर चालता? घरी ताटात पाय ठेवता का?"

तो जागीच थिजला. आमच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारे कडक तुकडे असतात. त्याच्या एका पावलाखाली मूठभर दाण्यांचा चुरा झाला होता. मी माफी मागितली आणि विचारले, आम्हाला पलीकडे कसे जाता येईल?

"जोडे काढा अन् जा. पण उगंमुगं चालू नका. पाय ओढत चाला, दाणा पलटला पायजे. माह्या सुना वावरात गेल्या, मी एकटीच हावो."

तिने करून दाखवले. पाय उचलायचा नाही. तळवा डांबराला घासत पुढे सरकवायचा, म्हणजे दाण्यांत सरी पडते आणि खालचा ओला थर वर येतो. मी बूट काढायला वाकले, तेवढ्यात काका माझ्या शेजारून गेले. त्यांचे बूट हँडलला लटकत होते आणि पॅन्ट पोटरीपर्यंत दुमडलेली होती.

"असं नाही, बाप्पा," ते मागे वळून आम्हाला म्हणाले. "पहिल्याच्या सरीले सरी लावून चाला. लहानपणी वावरात आम्ही हेच करत होतो."

"पाय तं सायबाचे दिसतात," बाई म्हणाली.

"बँकेत होतो. पन्नास माणसाची तूर पलटली असंन त्याच्या आधी."

"मंग लवकर लवकर पलटवा. ऊन वाया जाऊन राह्यलं."

आम्ही आठ जण हेल्मेट घालून, सायकल खांद्यावर घेऊन, अनवाणी पायांनी रस्त्यावर समांतर रेषा ओढत निघालो. दाणे वरून गरम आणि खालून थंड लागत होते. एका घरच्या दाण्यांची कड संपली की पुढच्या घरची माणसे हसत उठत आणि आपला तुकडा दाखवत. कोणी सीताफळे दिली, कोणी पाण्याची कळशी पुढे केली. मी घड्याळाकडे पाहत होते आणि माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. पण इतका उत्साह मला शुद्ध वेगातही कधी वाटला नव्हता. नकाशावर हा तुकडा एक निर्जीव सरळ रेघ होता.

वस्ती संपली तेव्हा सूर्य डोक्यावर यायला थोडाच अवकाश होता. आम्ही तळवे झटकले, बूट चढवले आणि देवळापर्यंतचा उरलेला रस्ता न बोलता, पूर्ण जोराने कापला. देऊळ वडाच्या सावलीत होते: चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले काळे चिरे, आत गारवा, खांबांवर झिजलेली नक्षी. आठही सायकली पायऱ्यांना टेकल्या. दुपार व्हायची होती.

सगळे काकांकडे पाहत होते. ते पायरीवर बसून बोटांच्या बेचक्यातून एक दाणा काढत होते.

"घाटाचं तुह्यं गणित बरोबर निंगालं," ते म्हणाले. "सोयाबीनचं गणित नव्हतं तुह्यापाशी."

"नव्हतं," मी कबूल केले. "सहल पुढच्या महिन्यात ठेवली, तर रस्ता मोकळा मिळेल."

"मोकळा काहून पायजे? बाकीच्याइले काय दाखवशीन मंग?" त्यांनी फोन काढला आणि गटातल्या सर्वांसाठी मोठ्याने बोलत संदेश ध्वनिमुद्रित केला: येत्या रविवारी सहल, पुसदहून, घाटाने. "जोडे सहज निंघतीन असे घाला," त्यांनी शेवटी जोडले, "अन् उशीर करू नका, आठ-दहा दिवसांत लोक सोयाबीन उचलतीन."